तापाचा आज कितवा दिवस? नागपूरच्या पावसाळी तापांत घरच्यांनी काय करायचं

मी रक्त काढते. नागपुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी सकाळी सहापासून घरोघरी जाऊन नमुने गोळा करायचे, हे माझं गेल्या बारा वर्षांचं काम. जुलै लागला की महालापासून मानेवाड्यापर्यंत तापाची घरं सुरू होतात. प्रत्येक घरी सुई हातात घेण्याआधी मी एकच विचारते, ताप सुरू होऊन आज कितवा दिवस?

उत्तर ठरलेलं. "येऊन राहिला ताई ताप, झाले असतील तीन-चार दिवस."

तीन की चार, की खरं तर पाच? कोणती तपासणी उपयोगाची आणि कोणती पैसे पाण्यात घालणारी, धोका सरला की आता सुरू होणार, हे त्या आकड्यावर ठरतं. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं द्यायचं ते डॉक्टरांनी ठरवावं. पण डॉक्टरांसमोर जाईपर्यंत आणि तिथून परत आल्यावर घरच्या माणसांच्या हातात बरंच असतं, तेवढंच इथे सांगते.

पहिल्या दिवशी: तारीख लिहा

ज्या दिवशी पहिल्यांदा कणकण वाटून अंग तापलं तो पहिला दिवस. औषध सुरू केलं तो नव्हे, डॉक्टरांकडे गेलात तोही नव्हे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे मांडता ना, त्याच चौकोनात "ताप १" असं लिहा. मग रोज पुढचा आकडा. शेजारी सकाळ, दुपार, रात्र असा थर्मामीटरचा आकडा, गोळी किती वाजता दिली ते, आणि लघवी किती वेळा झाली ते. हात लावून "अंग कोमट आहे" म्हणणं सोडा. शंभर रुपयांचा थर्मामीटर घरात असू द्या, आणि एकदा काखेत, एकदा जिभेखाली असं करू नका. काखेतला आकडा थोडा कमीच दिसतो.

मानेवाड्यातल्या एका घरी आजीने हे सगळं पंचांगाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. सून कौतुकाने म्हणाली, आईंना सवयच आहे. ते पान घेऊनच त्या डॉक्टरांकडे गेल्या, आणि पुढचा अर्धा तास वाचला.

सोबत एवढं आठवून ठेवा: गेल्या तीन आठवड्यांत माणूस कुठे गेला होता? गडचिरोलीकडे कामाला, शेतात निंदणाला, पुराच्या पाण्यातून, लग्नाच्या पंगतीला? हे कोणी आपणहून सांगत नाही, आणि निदान बरेचदा तिथेच दडलेलं असतं.

पहिले तीन दिवस

या दिवसांत डेंग्यू, चिकुनगुनिया, मलेरिया, साधा फ्लू सगळे सारखेच दिसतात. डोकं दुखतं, अंग मोडून येतं, तोंडाला चव नसते. डोळ्यांच्या मागे ठणकतं तेव्हा डेंग्यूची शंका जास्त. बोटांचे सांधे, मनगटं, घोटे धरले जाऊन सकाळी चहाचा कप उचलवत नसेल तर चिकुनगुनियाची. थंडी भरून, दातावर दात वाजून ताप चढला, मग घाम फुटून उतरला, तर मलेरियाची. पण लक्षणांवरून पैज लावू नका. मलेरियाचा ताप पुस्तकात लिहिल्यासारखा एक दिवसाआड येतोच असं नाही.

तापाला गोळी एकच, पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर. लहान मुलाला वजनावर, किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. बाटलीतलं औषध किती तीव्रतेचं आहे ते लेबलवर वाचा. एकाच घरात दोन वेगळ्या तीव्रतेच्या बाटल्या मी पाहिल्या आहेत.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन मात्र नको. अंगदुखीला म्हणून मेडिकलवाल्याकडून आणलेल्या "स्ट्राँग" गोळीत बहुतेक यांतलंच एक असतं. डेंग्यूत आधीच रक्तस्रावाची भीती, त्यात या गोळ्या भर घालतात. हृदयरोगासाठी डॉक्टरांनी रोजची अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर ती मनाने बंद करू नका, त्यांनाच विचारा. अँटिबायोटिकही स्वतःहून नको, त्याचं कारण पुढे टायफॉइडमध्ये येईल.

पाणी भरपूर, पण नुसतं पाणी नाही. ताक, भाताची पेज, वरणावरचं पाणी, नारळपाणी, ओआरएस. ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात घालायचं, अर्धं पाकीट अर्ध्या पेल्यात अंदाजाने नाही. चार ते सहा तासांत एकदा तरी लघवी झाली पाहिजे. बीट, डाळिंब, लाल सरबतं काही दिवस बाजूला ठेवा. उलटी लाल झाली तर ते रक्त की डाळिंब, हे रात्री दोन वाजता कोणाला ओळखू येणार?

डेंग्यूचा संशय असेल तर रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. ताप असतो त्या दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू असतो. घरातला डास त्याला चावला की आठ-दहा दिवसांनी तोच डास घरच्या दुसऱ्याला ताप देतो. एका घरात पंधरवड्याच्या अंतराने चार जणांचं रक्त मी काढलंय. पाचवा फक्त सासुरवाडीला गेला होता म्हणून सुटला.

कोणत्या दिवशी कोणती तपासणी

पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात.

मलेरियाची तपासणी कोणत्याही दिवशी करता येते, आणि प्रत्येक तापात करावी. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावर कार्ड टेस्ट वीसेक मिनिटांत उत्तर देते. स्लाइडवर परजीवी प्रत्यक्ष दिसतात. सरकारी दवाखान्यात दोन्ही फुकट होतात. एकदा निगेटिव्ह आली आणि ताप चढतच राहिला तर एक-दोन दिवसांनी पुन्हा करा.

डेंग्यूची एनएस-वन पहिल्या पाच दिवसांत. विषाणूचंच एक प्रथिन ती शोधते, आणि ते नंतर कमी होत जातं. पाचव्या दिवसानंतर शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधायची, ती आयजीएम. दुसऱ्या दिवशी आयजीएम केली तर निगेटिव्हच येणार, आणि घरचे निर्धास्त होणार. आठव्या दिवशी नुसती एनएस-वन केली तरी तीच गत. नुसती आयजीजी, म्हणजे जुनी प्रतिद्रव्यं, पॉझिटिव्ह असेल तर बहुधा जुना डेंग्यू होऊन गेलेला आहे, एवढाच अर्थ. कार्डवरच्या झटपट चाचणीपेक्षा लॅबमध्ये यंत्रावर होणारी एलायझा पद्धत भरवशाची. चिकुनगुनियाची आयजीएमही पहिला आठवडा सरत आला की करावी. १९६५ मध्ये चिकुनगुनियाची मोठी साथ पाहिलेल्या शहरांत नागपूर होतं, आणि २०२४ च्या पावसाळ्यात तो इथे पुन्हा जोरात आला. काही जणांच्या नाकाचा शेंडा काळवंडतो. त्याने घाबरून जायचं नाही, हळूहळू उतरतो. सांधे मात्र महिनोन् महिने धरून बसतात.

टायफॉइडसाठी विडाल नावाची रक्ततपासणी करतात, आणि मी रोज ती नळी भरते, तरी सांगते: एकदाच केलेल्या विडालवर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे दूषित पाण्यातून हा जंतू इतक्यांच्या पोटात जाऊन आलेला असतो की निरोगी माणसाचीही विडाल थोडीफार वर दाखवते. डेंग्यूच्या रुग्णाला "डेंग्यू पण आहे, टायफॉइड पण आहे" असं सांगून दोन्हींचे उपचार सुरू झालेले मी किती पाहिले, मोजदाद नाही. खरी तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघायचा, तीही पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी. गोळी गेली की जंतू कल्चरमध्ये वाढत नाही, आणि मग अंदाजावर उपचार होतात.

प्लेटलेटचा आकडा वाचताना

रिपोर्ट हातात पडला की सगळ्यांची नजर प्लेटलेटवर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींवर. दीड लाखाच्या खाली गेल्या की घरात रडारड, पपईच्या पानांची शोधाशोध, व्हॉट्सअ‍ॅपवर रक्तदात्यांची हाक.

डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा प्लेटलेट कमी झाल्या म्हणून नव्हे. रक्तवाहिन्यांतून पाण्यासारखा द्रव बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळतो. हे प्लेटलेटच्या रांगेत दिसत नाही. वर कुठेतरी पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट असं लिहिलेलं असतं, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, तिथे बघा. पहिल्या रिपोर्टला ३८ होता आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ४६ झाला, म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त वाढला, तर प्लेटलेट ९० हजार असल्या तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. याउलट प्लेटलेट ३० हजार, पण पीसीव्ही जागच्या जागी, माणूस हिंडतोय, खातोय, कुठून रक्त नाही, तर डॉक्टर शांत असतात. त्यांच्यावर चिडू नका. बाहेरून प्लेटलेट चढवायची वेळ साधारणपणे १० हजारांच्या खाली गेल्यावर किंवा रक्तस्राव होत असेल तरच येते.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट. जांभळ्या टोपणाच्या नळीत काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात. यंत्र त्या मोजतच नाही आणि आकडा येतो १८ हजार. माणूस समोर पोहे खात बसलेला. असा विसंगत आकडा आला तर लॅबला फोन करून विचारा, स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या थेंबात, हाताने मोजलं का? गरज पडली तर निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा नमुना घेता येतो. आणि रोजची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, एकाच लॅबमध्ये करा. सकाळी एका यंत्रावर ७०, संध्याकाळी दुसऱ्यावर ५५, यात रुग्णाचं काहीच बिघडलेलं नसतं.

पपईच्या पानांच्या रसाबद्दल रोज कोणीतरी विचारतं. सातव्या-आठव्या दिवशी प्लेटलेट आपोआप चढू लागतात आणि श्रेय रसाला मिळतं. तो झिरपणारा द्रव थांबवणारं औषध अजून कोणाकडे नाही. उलट कडू रसाने उलट्या झाल्या तर धोक्याची उलटी कोणती नि रसाची कोणती, हा नवा घोळ.

ताप उतरतो तो दिवस

तिसऱ्या ते सातव्या दिवसात कधीतरी ताप एकदम उतरतो. घरात देवापुढे साखर ठेवली जाते, पोरगं अंथरुणातून उठून मोबाइल मागतं. डेंग्यू असेल तर पुढचे २४ ते ४८ तास सगळ्यात जपायचे. द्रव झिरपतो तो याच वेळी.

थर्मामीटर खाली ठेवा आणि माणसाकडे बघा. पोटात सतत, जोराचं दुखणं. थांबतच नाही अशी उलटी. हिरड्यांतून, नाकातून रक्त, काळी शी, पाळी नसताना रक्तस्राव. हातपाय गार आणि ओलसर. बसून उठताना डोळ्यांपुढे अंधारी. सहा तास लघवी नाही. लहान मूल असेल तर उगाच चिडचिड किंवा उलट पडून राहणं, हाकेला ओ न देणं. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न पाहता निघायचं, मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा जवळचं कुठलंही भरती करून घेणारं रुग्णालय. कॅलेंडरचं पान आणि आधीचे सगळे रिपोर्ट सोबत.

गरोदर बाई, तान्हं मूल, म्हातारं माणूस, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असलेला, यांनी तर धोक्याची खूण दिसेपर्यंतही थांबू नये. पहिल्याच दिवशी डॉक्टर.

हे दोन दिवस नीट गेले की भूक परत येते, अंगावर लाल पुरळ उठून त्यात पांढरे ठिपके राहतात, तळहात खाजतात. ही सुटका झाल्याची खूण. एक डेंग्यू होऊन गेला म्हणून निश्चिंत राहू नका. विषाणूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्या प्रकाराचा डेंग्यू पहिल्यापेक्षा अवघड जाऊ शकतो.

सातवा दिवस उलटला, ताप तसाच

आता डेंग्यूचा विचार मागे टाका. माझ्या मामांचा काटोलकडे संत्र्याचा बगीचा आहे. पोळ्यानंतर ताप आला, डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, विडाल "थोडी वर", म्हणून टायफॉइडच्या सलाइनी सुरू. नवव्या दिवशी श्वास लागू लागला तेव्हा नागपूरला आणलं. तिथल्या निवासी डॉक्टर पोरीने त्यांचे सगळे कपडे उतरवून तपासलं. धोतराच्या निऱ्यांखाली, कमरेला, विडीचा चटका बसावा तशी काळी खपली. ना दुखणारी, ना खाजणारी, म्हणून मामांना पत्ताच नव्हता.

हा स्क्रब टायफस. उंदरांवर पोसणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइट नावाच्या किड्याच्या अळ्या गवतातून अंगावर चढतात. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाने याची मोठी साथ पाहिली. चावल्यापासून ६ ते २१ दिवसांत ताप येतो. खपली काखेत, जांघेत, स्तनांखाली, पायजम्याच्या नाडीच्या जागी, म्हणजे जिथे कपडा घट्ट बसतो तिथे शोधायची. ती सगळ्यांना असतेच असं नाही. उपाय साधा आहे, डॉक्सिसायक्लिन, ती चालत नसेल तर अ‍ॅझिथ्रोमायसिन, आणि वेळेत सुरू झालं तर दोन दिवसांत ताप उतरू लागतो. उशीर झाला की फुप्फुस, किडनी, मेंदू पकडतो. म्हणून शेतात, झुडपात जाणाऱ्या माणसाचा ताप लांबला तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, स्क्रब असेल का? मामा वाचले. आता निंदणाला पायजमा मोज्यात खोचून जातात, आणि आल्याबरोबर आंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाकतात. गावकरी हसतात.

पुराच्या पाण्यातून चालून आलेल्या माणसाला पाच-सात दिवसांनी ताप, लाल डोळे आणि पोटऱ्या दाबल्या की ओरडावं इतकं दुखणं, तर लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मुतातून हा जंतू पाण्यात येतो आणि पायाच्या भेगेतून शरीरात शिरतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा किती घरांतली माणसं गुडघाभर पाण्यात उभी होती, आठवा. असं पाणी तुडवायची वेळ आली तर गमबूट घाला, आणि नंतर डॉक्टरांना ते सांगा.

मलेरिया निघाला तर औषध फुकट मिळतं, पण व्हायव्हॅक्स प्रकारात प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी बरं वाटतं, पाकीट फ्रिजवर पडून राहतं, यकृतात दडलेले परजीवी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा उठतात, आणि मी पुन्हा त्याच घरी जाते. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला हे औषध देत नाहीत. काहींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांनाही त्रास होतो. लघवी काळपट झाली तर थांबवून डॉक्टरांना दाखवा.

मुलांच्या बाबतीत एकच गोष्ट वेगळी सांगते. ताप, उलटी आणि लगोलग झटके किंवा बेशुद्धी, तर दिवस मोजत बसू नका, तासही मोजू नका. १९६५ मध्ये आपल्या नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू सापडला, तो मुलांचा मेंदू काही तासांत पकडतो. तो पसरवणारी वाळूमाशी भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलीत राहते. भेगा बुजवणं आणि मुलांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपवणं, एवढं घरी होतं.

आता कूलरकडे या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे रोगराई घालवायच्या पुतळ्याची मिरवणूक, निघते, १८८० च्या दशकापासून निघते, आणि सगळा इतवारी परिसर ओरडतो, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" त्या दिवसांत आमच्या लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मारबत बिचारी नेईल तेवढं नेते. खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवरचा कूलर कुठे नेणार?

मे महिन्यात ४५ अंशांत ज्याच्या जिवावर जगलो, तो जूनच्या पहिल्या पावसानंतर कोणी बघत नाही. तळाशी चार बोटं पाणी तसंच. डेंग्यू-चिकुनगुनियाच्या डासाला, एडिसला, याहून सोयीची जागा नाही. लोक लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटकडे बोट दाखवतात. तिथलं घाण पाणी बहुधा दुसऱ्या डासांचं. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा हा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, आणि जन्मलेल्या जागेपासून फार लांब उडत नाही. चावलेला डास बहुधा तुमचा किंवा शेजाऱ्याचा.

अंड्यापासून डास व्हायला उन्हा-पावसात सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा. कूलरचा प्लग काढा, पाणी पूर्ण सोडा. ते नालीत न सोडता कोरड्या जमिनीवर ओता, म्हणजे अळ्या मरतील. मग काथ्याने आतल्या भिंती घासा. ही घासणी टाळू नका, कारण मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटवते. नुसतं पाणी बदललं की नवं पाणी त्या अंड्यांपर्यंत चढतं आणि ती फुटतात. तासभर कोरडं होऊ द्या, मग भरा.

त्याच फेरीत फ्रिजच्या मागचा ट्रे, एसीची बादली, कुंड्यांखालच्या बश्या, गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, ताडपत्रीच्या घड्या, आणि उन्हाळ्यात पाखरांसाठी मांडलेलं मातीचं भांडं. पुण्य करा, पण ते रोज विसळा. विहीर किंवा मोठा हौद असेल तर मनपाच्या हिवताप विभागाकडे अळ्या खाणारे गप्पी मासे मागा. धुराची गाडी आली की सगळे खूश होतात. तो धूर उडत्या डासांपुरता, खाटेखाली आणि पडद्यामागे बसलेल्यांना तो फारसा लागत नाही, अळ्यांना तर मुळीच नाही.

आणि कूलर बंद करायचा दिवस आला की पाणी सोडून, घासून, उन्हात वाळवून तो झाका. कूलरच्या बाजूंना लावलेल्या, पाण्याने ओल्या राहणाऱ्या जुन्या ताट्या पुढच्या वर्षी चालतील म्हणून माळ्यावर ठेवू नका. एडिसची सुकलेली अंडी महिनोन् महिने जिवंत राहतात, आणि मे महिन्यात त्या ताट्यांवर पहिलं पाणी पडलं की उठतात. त्या पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत द्या.